नवा करार वाचताना: शब्द यहुदी खरे, पण कुठल्या काळातले?

दप्तरी (धागाकर्ता)

बायबलच्या अभ्यासासाठी शब्दसूची हवी, अशी विचारणा इथे वरचेवर होते. नुसती सूची पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एकच उतारा घेऊन त्यातले शब्द सोडवू: मार्क अध्याय ७, वचनं १ ते २३. शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परुशी (एक यहुदी पंथ) आणि शास्त्री येशूला हटकतात, तो प्रसंग. परुशी, शास्त्री, वाडवडिलांचा संप्रदाय, कुर्बान, शुद्ध-अशुद्ध, यशयाचं अवतरण, मोशेची आज्ञा हे सगळं तेवढ्यात येऊन जातं.

वाचायला बसण्याआधी वहीत एक आडवी रेघ मारा आणि तिच्यावर लिहा: इ.स. ७०. त्या वर्षी टायटसच्या रोमन सैन्याने यरुशलेमचं दुसरं मंदिर पाडलं. रेघेच्या वरच्या बाजूला मंदिर, याजक, बळी आणि यात्रा. खालच्या बाजूला सभास्थान, रब्बी (यहुदी धर्मगुरू), पठण आणि वाद-चर्चा. येशू रेघेच्या वर. पौलाची पत्रंही वर. मार्क अगदी रेघेच्या आसपास, बाकीची शुभवर्तमानं बहुतेक अभ्यासकांच्या मते खाली. मिश्ना (तोंडी चालत आलेल्या यहुदी नियमांचा संग्रह) संकलित झाली साधारण इ.स. २०० मध्ये, यहूदा हा-नासी याच्या हातून. मिश्नेवरच्या चर्चांचे ग्रंथ म्हणजे तालमूद, ते दोन: यरुशलेमी तालमूद साधारण ४०० च्या सुमाराचा, बॅबिलोनी त्याच्याही नंतर शंभर-दोनशे वर्षांनी आकाराला आलेला.

'येशूच्या काळी यहुदी लोक असं करत' असं वाक्य दिसलं की पुरावा रेघेच्या कुठल्या बाजूचा आहे ते आधी विचारायचं. निम्म्याहून जास्त लोकप्रिय पुस्तकं इथेच घसरतात. तालमूदातली प्रथा उचलून पहिल्या शतकातल्या गालीलात नेऊन ठेवतात.

ओवी

चांगला धागा. पहिलाच प्रश्न: तनख म्हणजे जुना करारच ना? मग पुस्तकांची संख्या वेगळी का सांगतात?

शब्दकुटी

@ओवी, मजकूर तोच, मोजणी वेगळी. तनख हे तीन आद्याक्षरांचं नाव: तोरा, नवीईम (संदेष्टे), खतुवीम (लेख). यहुदी मोजणीत २४ पुस्तकं. शमुवेल, राजे, इतिहास ही प्रत्येकी एकच, एज्रा-नहेम्या मिळून एक, आणि होशेय ते मलाखी हे बारा लघुसंदेष्टे मिळून एक. ती सुटी केली की ४ आणि ११ मिळून १५ वाढतात, म्हणजे ३९. प्रॉटेस्टंट जुना करार तो हाच. कॅथलिक बायबलात ४६, कारण तोबित, यहुदीथ, मक्काबी १ व २, शलमोनाचं ज्ञान, बेन सिरा आणि बारूख ही सात जास्त, शिवाय एस्तेर आणि दानीएलात वाढीव भाग. त्यांच्यावर ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये अधिकृत शिक्का मारला, वापरात ती आधीपासूनच होती.

संख्येपेक्षा क्रम जास्त महत्त्वाचा. ख्रिस्ती जुना करार मलाखीने संपतो: एलीया येणार आहे, वाट बघा. पान उलटलं की मत्तय. छापील तनख संपते ती इतिहासाच्या पुस्तकाने, म्हणजे कोरेश राजाच्या फर्मानाने: यरुशलेमला परत जा, मंदिर बांधा. मजकूर एकच असून वाचक दोन वेगळ्या दारांतून बाहेर पडतात. दानीएल तर संदेष्ट्यांत नाहीच, तो 'लेखां'त आहे. यहुदी माणसाशी बोलताना 'दानीएल संदेष्टा' म्हणालात तर तो बहुधा भुवया उंचावेल.

आणि 'जुना करार' हे नाव ख्रिस्ती आहे, हेही ध्यानात असू द्या. यहुद्यांच्या लेखी तो जुना नाही.

दप्तरी

+१. 'करार' या शब्दाबद्दल एवढंच की मराठीने इथे चांगली निवड केली आहे. हिब्रू 'ब्रीत' म्हणजे दोन पक्षांतला करारच. ग्रीक 'दियाथेके'चा अर्थ करार आणि मृत्युपत्र असा दुहेरी होतो, आणि इब्री लोकांस पत्राच्या ९:१६-१७ मध्ये लेखक नेमका त्या दुहेरीपणावर खेळतो. तिथे मराठी अनुवादकाला अचानक 'मृत्युपत्र' म्हणावं लागतं आणि वाचक गोंधळतो की हे मध्येच कुठून आलं.

उलट 'नियमशास्त्र' हा शब्द तोरासाठी तोकडा पडतो. तोराच्या मुळाशी शिकवणं, दिशा दाखवणं आहे. उत्पत्तीच्या पन्नास अध्यायांत नियम किती आणि कथा किती ते मोजा. 'नियमशास्त्र' वाचलं की डोळ्यांपुढे पीनल कोड उभा राहतो आणि पौलाचं सगळं म्हणणं कायदा विरुद्ध दया एवढ्यावर येऊन थांबतं.

हातपाय_धुवा

मार्क ७ कडे वळू या, नाहीतर धागा भरकटेल.

हात धुण्याचा मुद्दा स्वच्छतेचा नाही, हे सगळेच सांगतात. पण मग कशाचा? तोरात हात-पाय धुण्याची आज्ञा आहे ती याजकांना, दर्शनमंडपात शिरताना (निर्गम ३०:१७-२१). घरी भाकरी खाणाऱ्या साध्या माणसाला नाही. परुशांची चळवळ म्हणजे मंदिरातली शुद्धता रोजच्या ताटापर्यंत आणणं. म्हणूनच मार्क याला 'आज्ञा' न म्हणता 'वाडवडिलांचा संप्रदाय' म्हणतो. यहुदी इतिहासकार योसेफसही तेच सांगतो: मोशेच्या नियमांत लिहिलेल्या नाहीत अशा बऱ्याच गोष्टी परुशांनी पूर्वजांकडून घेऊन लोकांना लावून दिल्या, आणि सदूकी (दुसरा यहुदी पंथ) त्या मानत नसत. हा पुरावा पहिल्या शतकातल्या माणसाचा आहे, म्हणून वजनदार.

तपशील हवा तर मिश्नेतला 'यादायीम' म्हणजे 'हात' हा ग्रंथ उघडा. पहिलंच वाक्य: एका माणसाच्या हातांवर पाव लोग पाणी, दोघांनाही तेवढं चालेल. लोग म्हणजे सहा अंड्यांएवढं आकारमान, पाव लोग म्हणजे दीड अंडं. आजच्या रब्बींच्या हिशेबात हे ८६ मिलीपासून १५० मिलीपर्यंत जातं. म्हणजे चहाचा एक कप. पाणी भांड्यातून हातावर ओतायचं, हात भांड्यात बुडवायचे नाहीत.

पण यादायीम रेघेच्या खालचा. त्यातली मापं येशूच्या शिष्यांना जशीच्या तशी लावू नका. प्रथा होती हे मार्क सांगतो, तिचं पाव-लोगी रूप दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी लिहून ठेवलेलं आहे. शिवाय मार्क 'सर्व यहुदी' असं म्हणतो तेही सैलसर विधान आहे. सदूकी हे मानत असण्याचं कारण नाही.

रांजणवाला

रेघेच्या वरचा दगडी पुरावाच आहे की! योहान २:६, काना गावच्या लग्नातले सहा दगडी रांजण, 'यहुद्यांच्या शुद्धीकरणाच्या रीतीप्रमाणे' ठेवलेले. दगडीच का? लेवीय ११:३३ वाचा: मातीच्या भांड्यात अशुद्ध काही पडलं तर भांडं फोडून टाका. दगडी भांड्याला अशुद्धता लागते असं तोरा कुठे म्हणत नाही. म्हणून चुनखडीची भांडी. यरुशलेममध्ये आणि गालीलात अशी भांडी उत्खननात भरपूर निघाली आहेत, आणि नासरेथजवळ रैना इथे ती कोरण्याची खाणच सापडली.

मापही बघा. प्रत्येक रांजण दोन ते तीन 'मेत्रेतेस', एक मेत्रेतेस साधारण ३९ लिटर. म्हणजे एका रांजणात ७८ ते ११७ लिटर, सहांत मिळून ४७० ते ७०० लिटर. जुन्या भाषांतरांत 'मण' वगैरे दिसलं तर ते गृहीत धरू नका, मूळ माप द्रवाचं आहे.

ओवी

मग हे आपल्या सोवळ्या-ओवळ्यासारखंच म्हणायचं का?

हातपाय_धुवा

थोडंफार. स्पर्शाने लागतं, पाण्याने आणि वेळेने जातं, सूर्यास्ताला हिशेब पूर्ण होतो, एवढं मराठी वाचकाला चटकन कळतं. इंग्रजी वाचकाला हेच समजावून सांगायला पाच पानं लागतात. पण दोन ठिकाणी पाय घसरतो.

एक, ही अशुद्धता जन्माने कुणाला चिकटत नाही. हिब्रू शब्द 'तुमा' (अशुद्धता) आणि 'ताहारा' (शुद्धता). प्रेताला हात लागला की सात दिवस अशुद्ध, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तांबड्या कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडायचं (गणना १९). हे याजकालाही लागतं आणि राजालाही.

दोन, अशुद्ध होणं म्हणजे पाप नव्हे. बाळंतीण अशुद्ध होते, आणि मुलं होणं ही तर पहिली आज्ञा. आईबापाला पुरणारा अशुद्ध होतो, आणि पुरणं हे कर्तव्य. 'अशुद्ध' वाचलं की मनात लगेच 'पापी' येतं, ते थांबवा. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक जखमीला टाळून जातो तो प्रेताच्या विटाळाच्या भीतीने, असं प्रवचनात हमखास ऐकू येतं. पण तो मंदिराकडे जात नव्हता. यरुशलेमहून यरीहोकडे 'खाली' जात होता.

आणखी एक गल्लत इथेच होते. हातांची शुद्धता ही एक गोष्ट, खाण्यायोग्य प्राणी कोणते (लेवीय ११) ही दुसरी. डुक्कर धुऊन शुद्ध होत नाही. मराठीत दोन्हीकडे 'शुद्ध-अशुद्ध' हेच शब्द, त्यामुळे ७:१९ वाचताना येशूने एका वाक्यात डुक्कर चालू केलं असं वाटतं. वाद हातांचा चालला होता. ७:१९ ची शेवटची टीप (असं त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवलं) मार्कची आहे, आणि प्रेषितांची कृत्ये १० मध्ये पेत्र 'मी कधीच अशुद्ध काही खाल्लं नाही' असं म्हणतो, तेही शेजारी ठेवून वाचा.

शब्दकुटी

कुर्बान राहिलं. मार्क ७:११. मुलगा आईबापाला म्हणतो, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते 'कुर्बान'. मूळ धातू क-र-ब, जवळ जाणं, जवळ आणणं. देवाजवळ आणलेलं ते कुर्बान. अरबीतून आलेलं आपलं 'कुर्बानी' त्याच सेमिटिक धातूचं, हे ऐकून बऱ्याच जणांना गंमत वाटते.

पण इथे मंदिरात काही नेऊन दिलंय असं नाही. हा शपथेचा साचा आहे: 'ही वस्तू तुझ्यासाठी कुर्बानासारखी', म्हणजे तुला ती निषिद्ध. वस्तू राहते त्याच्याच घरात. यरुशलेमजवळ सापडलेल्या एका अस्थिपेटीवर आरामी भाषेत कोरलंय: या पेटीत कुणाला जे काही उपयोगाचं सापडेल ते आतल्या माणसाकडून देवाला कुर्बान. म्हणजे चोरा, हात लावू नकोस! साचा लोकांच्या तोंडी होता याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

आता मिश्नेतला 'नदारीम' (नवस) ९:१ बघा. आईबापाचा मान राखायचा म्हणून नवसातून सुटका देता येते का, यावर तिथे वाद आहे. रब्बी एलीएजर म्हणतो येते, बाकीचे सर्वसाधारणपणे नाही म्हणतात. पण नवस थेट त्याच्या आणि आईबापाच्या मधला असेल तर त्या कारणाने सोडवता येतो, हे सगळे मान्य करतात. म्हणजे मार्कमधला येशूचा आक्षेप यहुदी धर्माबाहेरून आलेला नाही, घरातलाच वाद आहे. 'परुशी' हा शब्द मराठीतही 'ढोंगी' या अर्थाने वापरणाऱ्यांनी हे वाचावंच.

कोकणरेल

नदारीमचा संदर्भ माहीत नव्हता, आभार. वाचनखूण साठवली.

शास्त्री आणि परुशी एकच का?

दप्तरी

नाही. शास्त्री हा पेशा: लिहिणारा, नियम जाणणारा. परुशी हा पंथ. काही शास्त्री परुशी होते, मार्क २:१६ मध्ये 'परुशांतले शास्त्री' असाच शब्दप्रयोग आहे. योसेफस परुशांची संख्या सहा हजारांवर सांगतो, एसेनी हा आणखी एक पंथ, तो चार हजारांवर. म्हणजे देशातले बहुसंख्य लोक कुठल्याच पंथात नव्हते.

यशयाकडे जाऊ. मार्क ७:६-७ मध्ये यशया २९:१३ येतं. तुमच्या बायबलात यशया उघडून ताडून पाहा, शेवटचा भाग जुळत नाही. हिब्रूत अर्थ असा: त्यांचं माझं भय म्हणजे पढवलेली माणसांची आज्ञा. मार्कमध्ये: ते व्यर्थ माझी उपासना करतात, माणसांचे नियम शास्त्र म्हणून शिकवतात. हा फरक मार्कने केलेला नाही. तो सेप्टुअजिंट म्हणजे ग्रीक जुन्या करारातून आलाय. तोराचं ते भाषांतर इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात झालं, बाकीची पुस्तकं पुढच्या काळात. ७२ अनुवादकांची कथा आहे, तिच्यावरूनच 'सत्तर' हे नाव.

अवतरण जुळलं नाही की हा क्रम ठेवा. आधी संदर्भ बरोबर आहे का बघा, कारण मार्क १:२ 'यशया' म्हणून सुरू होतं पण पहिली ओळ मलाखी ३:१ ची आहे, आणि मत्तय २७:९ यिर्मयाचं नाव घेऊन मुख्यतः जखऱ्या ११ सांगतो. मग ग्रीक पाठ बघा. मग मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्या, १९४७ पासून ११ गुहांत सापडलेल्या. यशयाची मोठी गुंडाळी ७.३४ मीटर लांब आहे, आणि १००८-०९ च्या लेनिनग्राड हस्तलिखितापेक्षा (संपूर्ण हिब्रू बायबलची जुनी प्रत) हजारभर वर्षांनी जुनी. एवढं झाल्यावरच 'लेखकाने बदल केला' असं म्हणा.

शब्दकुटी

याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण आमोस ९:१२. हिब्रूत: ते अदोमाचा उरलेला भाग ताब्यात घेतील. प्रेषितांची कृत्ये १५:१७ मध्ये: उरलेली माणसं प्रभूचा शोध घेतील. जुन्या हिब्रूत स्वर लिहीत नसत. 'अदोम' आणि 'आदाम' (माणूस) यांत व्यंजनं जवळपास तीच, 'यीरशू' (ताब्यात घेतील) आणि 'यीदरशू' (शोधतील) यांत एका अक्षराचा फरक. मोडी वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा अंदाज बांधावा लागतो ना, काहीसं तसंच. हिब्रू पाठ जपणाऱ्या मासोरी पंडितांनी स्वरचिन्हं घातली ती फार पुढे.

ओवी

तरीही माझी वचनं जुळत नाहीत! एके ठिकाणी योएल ३:१ बघायला सांगितलं होतं, तिथे भलतंच निघालं.

दप्तरी

हिब्रू आणि आपल्या बायबलातले आकडे वेगळे. योएल २:२८-३२ म्हणजे हिब्रूत ३:१-५. मलाखी ४:५ म्हणजे हिब्रूत ३:२३. स्तोत्रांत शीर्षक हेच पहिलं वचन धरतात, म्हणून एकाने सरकतं, स्तोत्र ५१ मध्ये तर दोनने. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत स्तोत्र ९ आणि १० जोडलेली, त्यामुळे पुढची बहुतेक एकाने मागे: मेंढपाळाचं २३ वं तिथे २२ वं. १४८ पासून पुन्हा जुळतं. जुनं कॅथलिक पुस्तक वापरत असाल तर हे आधी तपासा.

कोकणरेल

थोडं अवांतर, पण सण आलेच पाहिजेत. मराठी बायबलात पेसहला (मिसरातून सुटकेच्या सणाला) 'वल्हांडण' आहे, निर्गम १२ मधल्या ओलांडून जाण्यावरून पाडलेला शब्द. कोकणातल्या बेने इस्राएलांकडे (तिथल्या यहुदी समाजाकडे) मात्र त्याला जुनं घरगुती नाव होतं: 'अनाशी धाकाचा सण'. आंबट पातळ पदार्थाचं भांडं झाकून ठेवण्याचा सण असा अर्थ सांगतात. खमीर वर्ज्य असण्याशी तो बरोबर जुळतो. योम किप्पूर म्हणजे 'दरफाळणीचा सण', दारं लावून घरात बसण्याचा. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून या लोकांना नाव 'शनवार तेली'. बायबलातल्या 'प्रायश्चित्ताचा दिवस' यापेक्षा 'दरफाळणी' कितीतरी बोलका शब्द आहे.

हातपाय_धुवा

सुंदर. वल्हांडणाचं नाव निघालंच आहे तर एक इशारा. हल्ली चर्चमध्ये 'येशूने केला तसा सेदेर' (वल्हांडणाच्या रात्रीचं विधिवत जेवण) करतात: चार प्याले, झाकून लपवलेली बेखमीर पोळी, ठरलेले प्रश्न. मिश्नेतला 'पेसाहीम' अध्याय १० चार प्याले सांगतो, पण तो रेघेखालचा. पोळीचा तुकडा लपवण्याचा खेळ तर त्याच्याही पुष्कळ नंतरचा. रेघेच्या वर वल्हांडणाचा गाभा म्हणजे मंदिरात निसान महिन्याच्या १४ तारखेला दुपारी कापलेलं कोकरू, आणि सेदेरच्या ताटात आज तेच नाही.

तारीखही सरळ नाही. मार्क १४:१२ प्रमाणे शेवटचं भोजन हे वल्हांडणाचं. योहान १८:२८ प्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी वल्हांडण खायचं अजून बाकी आहे. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे धरूनही दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. बसवण्याच्या खटपटी अनेक झाल्या, मला एकही पटलेली नाही.

रांजणवाला

मराठी वाचकाला एक फुकटचा फायदा आहे, तो सांगतो. इंग्रजीत जेकब आणि जेम्स वेगळे दिसतात, आपल्याकडे दोघेही याकोब. ज्यूड, जूडस, जूडा हे सगळे यहूदा. फक्त येशू आणि यहोशवा हे एकच नाव आहे हे आपल्याकडेही लपतं. ग्रीकमध्ये दोघांनाही 'येसूस', म्हणून इब्री ४:८ वाचताना जुने अनुवाद गडबडतात. 'ख्रिस्त' म्हणजे मशीहा, म्हणजे अभिषिक्त, आडनाव नव्हे. लेवीय ४:३ मध्ये अभिषिक्त आहे याजक, आणि यशया ४५:१ मध्ये चक्क पारसिक राजा कोरेश.

ओवी

शेवटचा प्रश्न. तळटिपेत 'मक्कोत २३ब' असं असतं, ते पान कसं शोधायचं?

शब्दकुटी

नुसतं नाव आणि पानाचा आकडा अ किंवा ब सह असेल तर तो बॅबिलोनी तालमूद. पानाची पुढची बाजू अ, मागची ब. जवळपास प्रत्येक ग्रंथ पान २ पासून सुरू होतो, १ शोधत बसू नका. 'नदारीम ९:१' असे दोन आकडे असतील तर मिश्ना, अध्याय आणि परिच्छेद. मिश्नेचे विभाग ६, ग्रंथ ६३, त्यांतल्या ३७ वरच बॅबिलोनी चर्चा म्हणजे गमारा आहे. म्हणून 'यादायीम ४७अ' असा संदर्भ दिसला तर खुशाल चूक समजा, त्या ग्रंथावर बॅबिलोनी गमारा नाहीच.

मक्कोत २३ब मध्ये ६१३ आज्ञांची मोजणी आहे: २४८ करा, ३६५ करू नका. आणि हो, तीही रेघेच्या खालचीच.